शुक्रवारचा रस्सा

फेव्रोनियाच्या हातचा माशाचा रस्सा खाल्ला नाही, तर तुम्ही डॅन्यूबच्या मुखापर्यंत आलात काय आणि न आलात काय, सारखंच. हे सगळं गाव म्हणतं, आणि आमचं गाव एरवी कुणाचं कौतुक करायला भलतंच कंजूष आहे. शेजारणीच्या लोणच्याला 'बरं झालंय' एवढं म्हणतानाही इथे लोकांच्या जिवावर येतं.

रश्शाची रीत तिच्या आईची, आईच्या आईची. आधी बारके, काटेरी मासे शिजवायचे आणि फडक्यातून गाळायचे. मग त्या पाण्यात मोठ्या माशांचे तुकडे, कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची. खाली नदीकाठच्या विलोच्या झाडांची लाकडं, वर म्हातारी काळी हंडी. आणि पाणी नदीचं. नळाचं चालत नाही, विहिरीचं चालत नाही, बाटलीतल्याचं तर नाव काढू नका. होडी मधल्या धारेपर्यंत न्यायची आणि तिथे बादली बुडवायची. शहरातून आलेल्या पाहुण्यांची इथेच गाळण उडते. एकाने तिला विचारलं होतं, हे असलं पाणी पोटात घालायचं का? फेव्रोनिया म्हणाली होती, "मासा ज्या पाण्यात वाढला त्याच पाण्यात शिजू दे बाबा. परक्या पाण्यात तो रुसतो." त्या पाहुण्याने मग तीन वाट्या रस्सा ओरपला, आणि वर पाव मागून घेतला.

आम्ही लिपोवान, जुन्या पंथाचे. दोन बोटांनी क्रूसाची खूण करायची की तीन, एवढ्यावरून वाडवडील रशियातून परागंदा झाले आणि इथल्या लव्हाळ्यांत येऊन लपले. अशांच्या नातवंडांना हट्ट शिकवावा लागत नाही. बुधवार-शुक्रवार मासा, दूध, तेल काही तोंडात जात नाही. आता तरुण पोरं थोडी ढील देतात, पण फेव्रोनिया नाही. तापाने फणफणलेली असताना शुक्रवारी नुसत्या पावावर राहिलेली बाई ती.

ती सिदोरशी लग्न करून या घरात आली, आणि त्याच वर्षी समुद्र मेला.

समुद्र मेला असंच आम्ही म्हणतो, आणि उगाच म्हणत नाही. नदीच्या मुखापुढचं पाणी आधी हिरवं झालं, मग तपकिरी, मग वरणासारखं दाट. किनाऱ्यावर काळ्या शिंपल्यांचे ढीग लागले, उघड्या तोंडांचे, सडके. घाण अशी की आम्ही खिडक्यांना ओली फडकी लावून झोपायचो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. जाळ्यात मासा येईना. ज्यांचे आजे-पणजे पाण्यावर जगले ते बाप्ये कारखान्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. सिदोरही गेला, नदीच्या वरच्या अंगाला, जहाजांच्या गोदीत. सणासुदीला यायचा आणि मुक्यासारखा बसून परत जायचा.

सिदोरची आई मलानिया ही बाई बोलायला फटकळ. तिने एकदा आडावर, चारचौघींत म्हणून टाकलं, "हिचं पाऊल पडलं आणि समुद्र मेला." झालं. गावाला तेवढं पुरे होतं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण नव्या होडीला रंग लावायचा असला की फेव्रोनियाला आमंत्रण नसे, आणि बारशाला बोलावलंच तर तिला दाराजवळची जागा. सिदोरने आईला कधी उलट शब्द केला नाही. तो वाईट नव्हता, घुम्या होता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फेव्रोनियाने स्वतःच ते खरं मानलं. देवळात ती मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहू लागली.

अशी वर्षं गेली. मलानिया गेली, कम्युनिस्ट सरकार कोसळलं, सरकारी शेतं ओस पडली. फेव्रोनियाचा मुलगा नाझार मोठा झाला आणि स्पेनला घरं बांधायच्या कामावर निघून गेला. मागे राहिलेल्या खोल्या ती पाहुण्यांना देऊ लागली. त्यातलीच एक स्मारांदा.

स्मारांदा ही कॉन्स्टान्त्सा शहरातली, समुद्राची डॉक्टरीण म्हणा हवं तर. उन्हाळ्यात यायची, होडी घेऊन जायची, आणि बाटल्यांत चिखल भरून आणायची. पहिल्याच दिवशी तिने त्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवल्या तेव्हा फेव्रोनियाने तिला चांगलंच झापलं, की बये, माझ्या दुधाशेजारी तो गाळ ठेवशील तर तुला आणि गाळाला एकदमच बाहेर काढीन. तिथून त्यांची गट्टी जमली. स्मारांदा तिला मावशी म्हणू लागली.

एका संध्याकाळी फेव्रोनिया पाव मळत होती आणि स्मारांदा ओट्यावर बसून बोलत होती. समुद्र कशाने मेला हे तिने त्या दिवशी सांगितलं. म्हणाली, विषाने नाही मावशी, अन्नाने. आपण श्वास घेतो त्या हवेत बहुतेक भाग नत्राचा. पण झाडाला तो हवेतून खाता येत नाही, जसं तुला दगडातलं मीठ चाटून जेवण होणार नाही. मग माणसांनी भट्ट्या लावल्या आणि हवेतून नत्र ओढून त्याचं खत केलं. आज जगातली निम्मी माणसं त्या खताच्या भाकरीवर जगतात. पण शेतात टाकलेलं सगळं काही पीक खात नाही. उरलेलं ओढ्यात, ओढ्यातून नदीत, आणि बारा-चौदा देशांच्या शेतांचं, गोठ्यांचं, गटारांचं सगळं शेवटी आपल्या दाराशी. पाण्यातलं शेवाळ ते खाऊन माजतं, मरतं, तळाला जाऊन कुजतं. कुजताना पाण्यातला सगळा श्वास तेच ओढून घेतं. खालचे शिंपले, मासे गुदमरून मरतात.

फेव्रोनियाचे हात कणकेत तसेच राहिले. हवेतून भाकरी. ही भाकरी, हाच श्वास, आणि त्यानेच समुद्राचा श्वास कोंडला. तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि तो सोडायची तिला भीतीच वाटली.

"म्हणजे कुणा एकाच्या पायगुणाने नाही?" तिने विचारलं.

"पायगुण? कसला पायगुण?" स्मारांदाला काही कळलं नाही.

फेव्रोनियाने हात धुतले आणि ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन पोटभर रडली.

त्यानंतर तिला या गोष्टीचं वेडच लागलं. स्मारांदा आली की खोदून खोदून विचारायची. नदीकाठचे देश दर वर्षी एकत्र बसतात, कुणी किती नत्र नदीत सोडायचा यावर भांडतात, हे कळल्यावर तिला आधी हसू आलं. आमच्या गावात दोन भावांना एका कुंपणावर एकमत करता येत नाही, आणि हे म्हणे नदी वाटून घेणार. पण समुद्र परतत होता हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी निवळलं. एका वर्षी, गोदीतलं काम सुटून घरी आलेल्या सिदोरने जुना दोर ओढून काढला तर त्याला इवले इवले काळे शिंपले चिकटलेले, जिवंत, घट्ट. तो दोर तसाच हातात घेऊन म्हातारा घरी आला आणि तिच्यापुढे धरला. स्मारांदा मात्र हुरळली नव्हती. निम्मं काम गरिबीने केलंय, ती म्हणायची, कारण शेतं ओस पडली तेव्हा खत घ्यायला कुणाकडे होतं काय? निम्मं काम या भांडणाऱ्या लोकांनी केलंय. आता पुन्हा शेतं पिकायला लागलीत, खत वाढतंय. हात ढिला सोडला तर समुद्र परत जाईल.

नाझार स्पेनहून परतला तो त्याच सुमारास. समुद्र परत आला म्हणून पोरगा परत आला, फेव्रोनियाच्या लेखी हिशेब इतका सरळ होता. त्याने होडी केली, बायको केली. आता समुद्र गेला तर पोरगाही जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आणि मग त्या सप्टेंबरात नदीकाठच्या देशांची बैठक जवळच्या शहरात भरली, आणि अडली. वरच्या, डोंगराकडच्या देशांपैकी एकाचे रीडल नावाचे गृहस्थ अडून बसले. उंच, पांढऱ्या भुवयांचा, अतिशय सभ्य माणूस. त्यांचं म्हणणं, आमच्या शेतकऱ्यांनी पुष्कळ सोसलं, समुद्र आता बरा आहे, तर आमच्या वाट्याचं नत्रावरचं पुढचं बंधन कराराच्या मसुद्यातून काढा. ते काढलं की बाकीचेही आपापलं काढणार, हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटच्या दिवशी सर्वांना होडीने मुखापर्यंत फिरवून आणायचं आणि जेवण फेव्रोनियाकडे, असं यजमानांनी ठरवलं. दिवस कुणा कचेरीत ठरला होता, तिथे लिपोवानांचं पंचांग कोण बघतो. शुक्रवार निघाला.

फेव्रोनिया कुरकुरली नाही. रांधण्यात पाप नाही, खाण्यात आहे. नाझारने मधल्या धारेचं पाणी आणलं, तिने हंडी चढवली, मीठ अंदाजाने टाकलं. पाहुणे ओसरीवर आणि अंगणातल्या लांब टेबलांवर बसले. यजमानांपैकी एका लठ्ठ साहेबांनी भाषण ठोकलं, की हा रस्सा नदीच्याच पाण्यातला, ही आमची परंपरा, ही आमची डॅन्यूब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जरा घाबरतच चमचे उचलले.

रीडल साहेबांना रस्सा मनापासून आवडला. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि फेव्रोनियाला खुणेने बोलावलं, या, बसा आमच्याबरोबर. तिला बसावं लागलं. त्यांनी स्वतःच्या हाताने तिला वाटी भरून दिली. तिने मान हलवली. त्यांनी पुन्हा पुढे केली. तिने वाटी हळूच बाजूला सारली, पावाचा तुकडा मोडला आणि टोमॅटोबरोबर खाऊ लागली. पलीकडे सिदोर पाव-टोमॅटो खात होता. नाझारही तेच खात होता. रीडल साहेबांनी तिघांकडे पाहिलं. मग आपल्या वाटीकडे पाहिलं आणि चमचा ठेवून दिला. त्यांचं बघून शेजारच्याने ठेवला, त्याचं बघून पुढच्याने. टेबलावरची बडबड विझत गेली. लठ्ठ साहेबांना मात्र काही पत्ता नव्हता, ते दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

फेव्रोनिया चहाचं बघायला आत आली तेव्हा मागोमाग, बैठकीच्या लोकांबरोबर आलेली स्मारांदा आली. तिचा चेहरा फुलला होता.

"मावशी, तू काय केलंस तुला माहीत आहे का? रीडल मला बाजूला घेऊन म्हणाले, इथली माणसं स्वतः हे पाणी पीत नाहीत, मग नदी बरी झाली असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? बंधन काढायचा आग्रह ते सोडतील असं दिसतंय."

"अगं पण, आज शुक्रवार म्हणून..."

"मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही. तू फक्त गप्प राहा. खोटं बोलू नकोस, नुसती गप्प राहा. तुझ्या समुद्रासाठी."

स्मारांदा बाहेर गेली. फेव्रोनिया चुलीपाशी उभी राहिली. खिडकीतून नाझार दिसत होता, होडीतलं पाणी उपसत होता. गप्प राहायचं, बस. आयुष्यभर ती गप्पच राहिली होती, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि कशासाठी? या पोरासाठी. देवसुद्धा एवढं समजून घेईल. पण उपास मोडू नये म्हणून मासा बाजूला सारायचा आणि त्याच उपासाची थाप मारून समुद्र वाचवायचा, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. आणि त्या नदीने तिला काय कमी दिलं होतं, की परक्यांसमोर तिला घाण ठरवायची? तिने चहाचा समोवार उचलला आणि बाहेर आली.

चहा ओतून झाल्यावर ती रीडल साहेबांसमोर उभी राहिली. म्हणाली, "साहेब, पाण्यात खोट नाही. आज शुक्रवार आहे. आमचा उपास असतो, मासा चालत नाही. उद्या आलात तर तुमच्या पंगतीला बसून खाईन."

स्मारांदाने भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मिटलं. फेव्रोनिया तिच्याकडे बघत राहिली. मग स्मारांदाने खाली मान घालून, जसंच्या तसं सांगितलं.

टेबलावर एकदम हशा पिकला. माणसं मोकळी झाली, कुणी कुणाच्या पाठीवर थाप मारली. रीडल साहेबही हसले, आपल्या भित्रेपणाला हसावं तसे, आणि त्यांनी चमचा पुन्हा उचलला. यजमानांना म्हणाले, नदी उत्तम आहे, रस्सा त्याहून उत्तम आहे, आणि हेच तर मी तीन दिवस सांगतोय. स्मारांदाचा चेहरा राखेसारखा झाला.

फेव्रोनिया जागची हलली नाही.

"साहेब, चवीवर जाऊ नका," ती म्हणाली. "माझ्या लग्नात याहून चांगला रस्सा झाला होता."

सिदोरने मान वर केली. चाळीस वर्षांत तिने लग्नाचं नाव काढलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

ती सांगू लागली आणि स्मारांदा तिच्यामागून एकेक वाक्य नेऊ लागली. लग्नाच्या आदल्या सकाळी पोरं ओरडत आली, की किनाऱ्यावर मासे चालत आलेत. सगळं गाव धावलं. खरोखरच, तळाला राहणारे मासे, कधी जाळ्याला न लागणारे, उथळ पाण्यात येऊन पडले होते. पळतही नव्हते. खेकडे वाळूवर चढत होते. बायकांनी बादल्या भरल्या, परकरांचे ओचे भरले. सगळे म्हणाले, काय नवरी आहे, हिच्या पायगुणाने समुद्र स्वतः आहेर घेऊन आला. मलानियाने तिची दृष्ट काढली. त्या माशांचा रस्सा केला, नदीचं पाणी घालून, आणि गाव दोन दिवस जेवलं. तसा रस्सा नंतर कुणाच्या हातून झाला नाही.

"ते मासे आम्हाला भेटायला आले नव्हते," फेव्रोनिया म्हणाली. "खाली श्वास नव्हता म्हणून वर पळाले होते. ते आम्हाला माहीत नव्हतं. समुद्र मेला होता, साहेब. आम्ही त्याच्या मयताचं जेवण जेवत होतो, आणि आम्हाला वाटत होतं लग्नाचं आहे."

स्मारांदाने शेवटचं वाक्यही जसंच्या तसं पोहोचवलं. कुणी हसलं नाही. रीडल साहेबांनी चमचा ठेवला नाही की उचलला नाही, तसाच हातात धरून बसले. मग त्यांनी विचारलं, आताही मासे भरपूर मिळतात का? नाझार म्हणाला, हो, पुष्कळ. ते ऐकून ते बराच वेळ समुद्राच्या दिशेला बघत राहिले.

फिरायला जायचं राहूनच गेलं. तिथेच, उष्ट्या वाट्या बाजूला सारून, त्यांनी कागद पसरले. फेव्रोनियाला आतून फक्त आवाज ऐकू येत होते. सात-आठ भाषा, मध्येच चढणारे सूर, खुर्च्यांचं सरकणं. एका शब्दावर तासभर अडले असावेत. सिदोर दारात येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"आईला मी तेव्हा बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "तुझ्या पावलात काही नव्हतं."

"होतं काय त्यात," फेव्रोनिया म्हणाली आणि पदराने... छे, आमच्या बायकांना पदर नसतो. डोक्याच्या रुमालाच्या टोकाने तिने डोळे पुसले.

ऊन कलल्यावर स्मारांदा आत आली आणि सरळ स्टुलावर बसली. बंधन राहिलं, म्हणाली. रीडल साहेबांच्या देशाचंही राहिलं, सगळ्यांचंच राहिलं. त्यांनी स्वतः आपली आधीची मागणी मागे घेतली.

"मग आता सगळे पाळतील?" फेव्रोनियाने विचारलं.

"पाळायला लावणारं कुणी नाही, मावशी. पोलीस नाही, फौज नाही. ज्याला मोडायचं तो मोडू शकतो. पुढच्या वर्षी परत जमतील, परत भांडतील."

"आणि आजवर असंच चाललं?"

"आजवर असंच."

फेव्रोनिया थक्क झाली. तिला वाटलं होतं, एवढा समुद्र परत आणायचा म्हणजे मागे कुणीतरी मोठा हुकूम देणारा असेल. तर कुणीच नव्हतं. परक्या भाषांतली, एकमेकांना न आवडणारी, कधी हा समुद्र न पाहिलेली माणसं दर वर्षी येऊन बसत होती, आपापल्या शेतकऱ्यांच्या शिव्या खात होती, आणि तेवढ्यावर तिच्या दारचा समुद्र श्वास घेत होता. सबंध समुद्र एवढ्याशा गोष्टीवर तोललेला.

होड्या गेल्या. अंगण रिकामं झालं. ती बाहेर आली. खुर्च्या वेड्यावाकड्या पडल्या होत्या, वाट्यांत रस्सा थिजला होता. तिने दोन बोटांनी क्रूसाची खूण केली आणि देवळात करतात तसा, हात जमिनीला टेकेपर्यंत वाकून, त्या रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार केला. मग भांडी घासायला घेतली.